उःशाप नसलेली राजकन्या

माझी थोरली बहीण शाळेत संस्कृत शिकवायची. निवृत्तीनंतर तिने महाभारत पुन्हा हातात घेतलंय आणि या खेपेस ती ते चिडून वाचते आहे. माझी मुलगी ॲनिमेशनमध्ये काम करते आणि रात्री जागून ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ खेळते. क्योटोच्या निन्टेंडो कंपनीची ही गेममालिका २१ फेब्रुवारी १९८६ रोजी जपानात सुरू झाली. हायरूल नावाचं राज्य, तिथली सौम्य स्वभावाची, दैवी शक्ती लाभलेली राजकन्या झेल्डा, लिंक नावाचा तलवारबाज मुलगा आणि सत्तेला हपापलेला गॅननडॉर्फ ऊर्फ गॅनन. युगं बदलतात, ही मंडळी पुन्हा समोरासमोर येतात. या राजकन्येवरून आत्या-भाचीची जी जुंपली ती जशी आठवते तशी देतो. कंसातली शेरेबाजी माझी.

आत्या: गेमवर नाव हिचं, आणि गेमभर ही कोंडलेली. लढतो तो पोरगा. मग नाव त्याचंच द्यायचं की!

भाची: पहिल्या गेमपुरतं खरं आहे तुझं. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला तेव्हा नावसुद्धा उसनं घेतलं होतं. स्कॉट फिट्झजेराल्डची बायको झेल्डा, तिचं. कानाला बरं वाटलं म्हणून. पण त्या गेममध्येही ती नुसती पळवली गेलेली नाही. गॅननची माणसं येण्याआधी तिने ट्रायफोर्स ऑफ विस्डमचे आठ तुकडे करून राज्यभर लपवले. ट्रायफोर्स म्हणजे तीन सोनेरी त्रिकोण: शक्ती, प्रज्ञा, धैर्य. प्रज्ञेचा त्रिकोण तिच्याकडे असतो.

आत्या: लपवले आणि कैदेत जाऊन बसली.

भाची: तिने लपवले म्हणून तर पुढचा खेळ आहे.

आत्या: खेळणाऱ्याची सोय झाली. तिची काय झाली? बरं, ते पुनर्जन्माचं सांग. शापाने सारखी जन्माला येते म्हणालीस.

भाची: ते नंतर आलं. गंमत म्हणजे १९८७च्या दुसऱ्या गेममध्ये पुनर्जन्म नव्हताच. तिथे एका जुन्या झेल्डाने ट्रायफोर्सचं गुपित सांगायला नकार दिला, म्हणून एका जादूगाराने तिला कायमची झोपवली. तिच्या भावाला पश्चात्ताप झाला. त्याने फर्मान काढलं की या घराण्यात जन्मणाऱ्या प्रत्येक राजकन्येचं नाव झेल्डाच ठेवायचं.

आत्या: म्हणजे आजीचं नाव नातीला ठेवतात तसं. इतपत मला पटतं. पुढे शाप कुठून आला?

भाची: २०११च्या ‘स्कायवर्ड स्वोर्ड’मधून. ती सगळ्यात आधीची कथा. हायलिया नावाची देवी आहे, तिच्याकडे ट्रायफोर्स सांभाळायला दिलेला. पण तो देवांना वापरता येत नाही, फक्त मर्त्यांना येतो. डिमाइज नावाचा असुर चालून येतो. ती त्याला कसाबसा बंद करते, पण तो सुटणार हे तिला कळतं. मग ती देवपण सोडून माणसाच्या पोटी जन्म घेते, ट्रायफोर्स वापरता यावा म्हणून. ती मुलगी म्हणजे पहिली झेल्डा. आणि ती राजकन्या नाहीये हं, ढगांतल्या एका गावात शाळेच्या मुख्याध्यापकांची मुलगी आहे.

आत्या: हे बरं केलं.

भाची: शेवटी लिंक डिमाइजला मारतो, तेव्हा तो मरता मरता शाप देतो. माझा द्वेष पुन्हा पुन्हा जन्म घेईल आणि देवीचं रक्त व वीराचा आत्मा यांचा पाठलाग करत राहील, असा.

आत्या: कधीपर्यंत?

भाची: कायमचा.

आत्या: मग उःशाप काय?

भाची: नाहीये.

आत्या: अगं, उःशापाशिवाय शाप म्हणजे नुसती शिवी. दुर्वासाने शकुंतलेला शाप दिला तर अंगठीची पळवाट ठेवली. अहल्येला रामाची वाट होती. जय-विजयांना तर निवड होती: भक्त म्हणून सात जन्म की वैरी म्हणून तीन. त्यांनी वैर पत्करलं, लवकर घरी जाता येईल म्हणून. आपल्याकडे शाप देणाराही भानावर येतो, रागाचा हिशेब करतो. तुझ्या त्या असुराने हिशेब का नाही ठेवला, सांगू? उःशाप दिला असता तर मालिका संपली असती. पंचवीस वर्षं गेम विकले, आणि सगळ्यात तेच ते लोक का येतात असं कुणी विचारलं, तर उत्तर हवं म्हणून शाप शोधून काढला.

(या ठिकाणी मला वाटलं की मुलगी हरली. ‘हायरूल हिस्टोरिया’ हे पुस्तकही त्याच वर्षअखेरीस निघालं आणि त्यात सगळे गेम एका कालपटावर बसवून दाखवले होते. तोही पट मध्येच तीन फाट्यांत फुटतो. ताईला ते ठाऊक नव्हतं, मी सांगितलं नाही.)

भाची: शोधून काढला, मान्य. पण विष्णूचे अवतार का होतात, याची एक गोष्ट तूच मला सांगायचीस. भृगूंची बायको विष्णूने मारली म्हणून भृगूंनी शाप दिला, माणसांत पुन्हा पुन्हा जन्म घे. अवतारांच्या गोष्टी आधी होत्या की तो शाप आधी होता?

आत्या: (हसत) गोष्टी आधी असणार. कारण मागाहून जोडलं असणार.

भाची: झालं तर. तुमच्या ऋषींनी केलं ते पुराण, आणि निन्टेंडोने केलं तो धंदा?

आत्या: जोडल्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही की जोडताना कुणाच्या गळ्यात बांधलं. नीट ऐकलंय मी तुझं. देवीचं रक्त आणि वीराचा आत्मा. म्हणजे पुनर्जन्म होतो तो त्या मुलाचा. हिचा फक्त वंश चालतो.

भाची: त्यावर खेळणारे लोक कायम भांडत असतात. काही म्हणतात प्रत्येक झेल्डा ही हायलियाच.

आत्या: मागच्या जन्मीचं तिला काही आठवतं?

भाची: पहिलीला आठवतं. तीर्थांवर जाऊन शुद्ध होताना देवीच्या आठवणी परत येतात. पुढच्यांना नाही.

आत्या: मग मी पुनर्जन्म मानत नाही. काशीची अंबा बघ. भीष्माने स्वयंवरातून उचलून आणली, कुठलीच राहिली नाही. तिने तप केलं, शंकराकडून वर घेतला, स्वतः चिता रचली आणि शिखंडी होऊन आली. शंकराने तिला सांगितलं होतं की दुसऱ्या देहातही तुला सगळं आठवेल. तिचा राग तिच्या मालकीचा होता. तुझ्या झेल्डाला राग नाही, आठवण नाही, निवड नाही. आहे ते काय? घराण्याचं काम. आणि ते कुणी लावलं? असुराने नाही. तो नुसता मागे लागला. काम लावलं त्या देवीने. तिने एकदा ठरवलं की मी माणूस होते, आणि पुढच्या सगळ्या मुली ते फेडत बसल्या.

भाची: पहिली झेल्डा लिंकची माफी मागते, आत्या. तिला देवपण आठवतं तेव्हा ती त्याला सांगते की हायलियाने तुला वापरलं. मला वाचवायला तू जिवावर उदार होशील हे ठाऊक असूनच वापरलं. मग ती भूतकाळात जाते आणि असुर बंद राहावा म्हणून स्वतः हजारो वर्षं स्फटिकात झोपते. गेममध्ये देवीने माफी मागितलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

आत्या: लिंकची मागितली. पुढच्या झेल्डांची कुणी मागितली?

(इथे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मुलीने उठून तिचा स्विच हा गेम कन्सोल टीव्हीला जोडला.)

भाची: हे ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’, ३ मार्च २०१७चं. तुझा मुद्दा इथे त्यांनी स्वतःच उचललाय. या झेल्डाची आई ती सहा वर्षांची असताना गेली. घराण्यातल्या बायकांना गॅनन नावाचं अरिष्ट बंद करायची शक्ती येते, पण ती जागी कशी करायची हे शिकवणारी आईच गेली. वडील राजे. ते म्हणतात, प्रार्थना कर. ती गार पाण्याच्या कुंडांत तासन्‌तास उभी राहते, बेशुद्ध पडेपर्यंत. काही होत नाही.

आत्या: हे जपानी आहे. थंड पाण्यात उभं राहून शुद्ध होण्याची रीत आहे त्यांच्यात, मिसोगी म्हणतात.

भाची: तसंच दिसतं. आणि तिला खरं काय आवडतं? जुनी यंत्रं उकलणं, झाडं, बेडूक. एकदा ती लिंकला जिवंत बेडूक चाखून बघायला सांगते, प्रयोग म्हणून.

आत्या: ही आवडली मला.

भाची: वडील तो अभ्यास बंद करतात. दरबारात कुजबुज सुरू असते. तिचा रक्षक म्हणून लिंक नेमतात, तर ती त्याच्यावरच चिडते, कारण तलवारीने त्याला निवडलंय आणि तिला मात्र कुणी हाक देत नाही. सौम्य राजकन्या म्हणतात ना, ती इथे फटकन बोलते, रडते, मग स्वतःहून माफी मागते.

आत्या: आणि शक्ती?

भाची: सतराव्या वाढदिवशी ती शेवटच्या कुंडावर जाते, लानायरूच्या डोंगरावर. तिथेही काही नाही. परत उतरते त्याच दिवशी अरिष्ट येतं. सगळे मारले जातात. लिंक मरायला टेकलेला, एक युद्धयंत्र त्याच्यावर नेम धरतं, ती मधे उभी राहते आणि हात पुढे करते. तेव्हा येते शक्ती.

आत्या: सिनेमातल्यासारखं. प्रेमाने.

भाची: तसं म्हण. मी वेगळं बघते. दहा वर्षं कुणीतरी सांगितलं म्हणून ती देवीपुढे हात जोडत होती. त्या क्षणी तिने पहिल्यांदा स्वतःला जे करावंसं वाटलं ते केलं, कुणाला न विचारता. मग ती एकटी वाड्यात गेली आणि शंभर वर्षं गॅननला धरून बसली. लिंक त्या काळात झोपलेला असतो, औषधपाण्यावर. कैदेत बसलेली राजकन्या म्हणालीस ना? इथे तिने कोंडलंय त्याला.

आत्या: बापाचं काय झालं?

भाची: गेला. पण वाड्यातल्या ग्रंथालयामागे त्याची एक चोरखोली आहे, तिथे रोजनिशी सापडते. त्यात शेवटी त्याने ठरवलेलं असतं की पोर डोंगरावरून परत आली की तिच्याशी बापासारखं बोलायचं, तिच्या अभ्यासाला प्रोत्साहन द्यायचं. ती परत येण्याआधी सगळं संपलं.

आत्या: म्हणजे शाप हाच. असुर-बिसुर वरवरचं. आईला यायचं म्हणून तुला आलंच पाहिजे. मी तीस-पस्तीस वर्षं मुलं शिकवली, हा शाप वर्गात रोज बघितला. याला पुनर्जन्म लागत नाही.

भाची: आता तूच माझ्या बाजूने बोलतेयस.

आत्या: तुझ्या बाजूने नाही, त्या मुलीच्या बाजूने. फुलाचं काय ते मघाशी दाखवलंस?

भाची: सायलेंट प्रिन्सेस. दुर्मीळ फूल. बागेत लावलं तर जगत नाही, रानातच वाढतं.

आत्या: हे मात्र फार ठळक झालं. लिहिणाऱ्याने आम्हाला थोडं काम ठेवायला हवं होतं.

(सहमत.)

आत्या: आता त्या सौम्यपणाचं बोलू. मला तो शब्द आला की धडकी भरते. बाईच्या हाती दैवी शक्ती द्यायची तर आधी ती गोड आहे याची हमी लागते. गॅननडॉर्फला कुणी सौम्य हो म्हणत नाही.

भाची: पण तिचा सौम्यपणा दुबळा नाही. ‘ऑकारिना ऑफ टाइम’मध्ये, १९९८च्या, तिची अंगाई आहे. कोजी कोंदोंची ती चाल आधी १९९१च्या गेममध्ये आली होती, इथे ती वाजवायचं कारण मिळालं. लिंकने ती वाजवली की राजघराण्याचा निरोप्या म्हणून त्याला ओळखतात, अख्खा धबधबा बाजूला होतो. हुकूमनामा आहे तो. फक्त अंगाईच्या चालीत.

आत्या: हे सुरेख आहे. पुढे?

भाची: त्याच गेममध्ये ती सात वर्षं वेश बदलून शीक नावाने वावरते. चपळ, तोंड झाकलेलं, लिंकला वाट दाखवते.

आत्या: आणि वेश उतरवल्यावर?

भाची: (जरा थांबून) राजकन्येच्या पोशाखात येते आणि लगेच पकडली जाते.

आत्या: बघ!

भाची: ते मलाही खुपतं. २००२च्या ‘विंड वेकर’मध्ये तर जास्तच. तिथे ती टेट्रा असते, समुद्री चाच्यांच्या जहाजाची कप्तान, तोंडाने फाटकी. ती झेल्डा आहे हे कळतं, अंगावर गुलाबी झगा येतो आणि तिला सांगतात, तू तळघरात थांब. शेवटच्या लढाईत बाण मारते, हे खरं. पण टेट्रा मला जास्त हवी होती.

आत्या: म्हणजे देवीचं रक्त सापडलं की मुलगी हरवते.

भाची: नेहमी नाही. ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मध्ये, २००६च्या, शत्रू दरबारात घुसून विचारतो: शरणागती की प्रजेचा मृत्यू? ती तलवार खाली टाकते. तीच राजकन्या पुढे मिडना नावाच्या परक्या मुलीला वाचवायला स्वतःचं चैतन्य देऊन टाकते.

आत्या: तलवार टाकली ते मला पटलं. ते राज्यकर्तीचं काम झालं. चैतन्य देणं पुन्हा तेच: बाईने स्वतःला संपवायचं. तुझ्या या मुलीला सारखं विरघळायलाच का लावतात?

भाची: मग १२ मे २०२३चा ‘टिअर्स ऑफ द किंग्डम’ तुला अजिबात आवडणार नाही. त्यात ती हजारो वर्षं मागच्या काळात जाऊन पडते. लिंकची तलवार मोडलेली, ती तिच्या हाती पोचते. तलवार दुरुस्त व्हायला युगं लागतात आणि दैवी शक्तीत भिजत राहावी लागते. एकच उपाय असतो: शक्तीचा खडा गिळायचा आणि ड्रॅगन व्हायचं. ड्रॅगन अमर असतो, पण स्वत्व जातं. मी कोण, हेच आठवत नाही. ती गिळते. आणि मग युगानुयुगं आकाशात फिरत राहते, डोक्यात तलवार खुपसलेली. खेळताना तो ड्रॅगन वरून जाताना आपण कितीदा बघतो, आणि ती कोण आहे हे फार उशिरा कळतं. मी रडले होते.

(रडली होती. मला वाटलं ऑफिसात काही झालं.)

आत्या: हे मला आवडलं. का सांगू? इथे तिने निवडलं. पूर्ण जाणून निवडलं, आणि किंमत आठवणीची. अंबेच्या नेमकं उलट. अंबेने आठवण ठेवायला देह टाकला, हिने देह ठेवायला आठवण टाकली. मग शेवट?

भाची: शेवटी ती परत येते. पूर्वजांच्या शक्तीने लिंकच्या हातून पुन्हा माणूस होते. झोपेत होते म्हणते.

आत्या: काही गेलं नाही तिचं?

भाची: नाही.

आत्या: मग घालवलं त्यांनी सगळं! उःशाप नाही म्हणत होतीस, आणि हा काय? तोही फुकटचा. महाभारतात गेलेलं परत येत नाही गं. अभिमन्यू येत नाही.

भाची: म्हणून तू ते चिडून वाचतेस. शंभर-दीडशे तास खेळल्यावर मला ती परत हवी होती. मी तिला खाली पडताना हवेत धरलं, माझ्या हातांनी, बटण दाबून. तुला वाचताना अभिमन्यूला धरता आलं असतं तर तू नसतं धरलं?

(ताईने याला उत्तर दिलं नाही. संस्कृत शिकवणाऱ्या बाईला बिनउत्तराचं बघणं हा आमच्या घरात दुर्मीळ योग आहे.)

आत्या: एक शेवटचं. या बाईला स्वतःला कधी खेळायला मिळालं का?

भाची: हो. २६ सप्टेंबर २०२४ला ‘एकोज ऑफ विस्डम’ आला. त्यात आपण झेल्डा असतो. लिंक सुरुवातीलाच गायब. दिग्दर्शक तोमोमी सानो, या मालिकेची पहिली स्त्री दिग्दर्शक. झेल्डाकडे जादूची काठी असते. जे पाहिलं त्याची नक्कल करायची. टेबल, दगड, लढाईत हरवलेले राक्षस. मी तर पलंगावर पलंग रचून भिंती चढते, दमले की त्यातल्याच एकावर झोपते, जीव भरून येतो.

आत्या: तलवारीवाचून?

भाची: थोडा वेळ लिंकसारखं लढता येतं, पण ती ताकद पटकन संपते. बाकी सगळं डोकं लढवून.

आत्या: छान. आणि बोलते काय ती?

भाची: …बोलत नाही. नायक लिंक कधी बोलत नाही ना, तीच रीत हिला लावली.

आत्या: अडतीस वर्षांनी कंट्रोलर हाती आला आणि तिची वाचा गेली!

दोघी हसल्या, आणि वाद तिथेच थांबला. माझं मत कुणी विचारलं नाही, तरी देतो. ताईचं उःशापाबद्दलचं म्हणणं बिनतोड आहे: शाप अखंड ठेवण्यात कंपनीची सोय आहे, आणि ती सोय प्रत्येक नव्या झेल्डाच्या जिवावर होते. पण सौम्यपणाच्या बाबतीत मुलीचं पारडं जड आहे. कुंडात कुडकुडणारी, बेडकावर खूष होणारी, वडिलांपुढे मान खाली घालणारी आणि शेवटी कुणाला न विचारता हात पुढे करणारी ती सतरा वर्षांची मुलगी दुबळी आहे असं मला एकदाही वाटलं नाही. ‘टिअर्स’चा शेवट मात्र मला फसलेला वाटतो. तेवढ्यापुरता मी ताईच्या बाजूने.

ज्यांनी यातलं काहीच खेळलेलं नाही त्यांनी ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’पासून सुरुवात करावी. वाड्यात पोचलात की सरळ गॅननवर चालून जाऊ नका. आधी झेल्डाची खोली शोधा, तिची रोजनिशी वाचा, मग ग्रंथालयामागची राजाची वही वाचा. दोन्ही वाचायला दहा मिनिटं लागत नाहीत, आणि गॅनन कुठे जात नाही.